कंटाळली की येईल

"आता काय करू?" हा माझ्या मुलीचा आवडता प्रश्न होता. आवडता म्हणजे काय, एकमेव. दात घासून झाले, आता काय करू? दूध संपलं, आता काय करू? हत्ती रंगवून झाला, आता काय करू? पाच वर्षांत मी एकदाही त्या प्रश्नाला उत्तराविना परत पाठवलं नव्हतं. उत्तर देणं हा माझा धंदाच होता.

पिरंगुटला माझा लहान मुलांचा वर्ग होता. अडीच ते सात वर्षांची मुलं, दिवसाला चार तुकड्या, दर वीस मिनिटांनी नवा उपक्रम. मणी ओवा, आकार ओळखा, ठोकळे रचा, इंग्रजी गाणी म्हणा. आसपासच्या सोसायट्यांतले आईबाप लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले आणि पोरांचं काय करायचं हा त्यांच्यापुढे यक्षप्रश्न. तो मी सोडवत होते. वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'इथे कुणालाही कंटाळा येत नाही.' नियम दोनच. बेल झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि कंटाळा हा शब्द तोंडातून काढायचा नाही; काढला की फळ्यावर नावापुढचा एक तारा पुसला जाणार. माझी जुईली म्हणजे त्या वर्गाची चालतीबोलती जाहिरात. तिचा एकही तारा कधी पुसला गेला नाही. नवे पालक आले की मी तिला पुढे करायचे आणि म्हणायचे, "आमच्या जुईलीला कंटाळा म्हणजे काय, तेच माहीत नाही." अगदी मान ताठ करून म्हणायचे.

त्या एप्रिलमधल्या शनिवारी मी तिला घेऊन ताम्हिणीच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्याकडेच्या एका वस्तीवर गेले होते. मे महिन्यात मुलांचं शिबिर घ्यायचं होतं, 'मातीशी मैत्री'. साळूबाई नावाच्या एका म्हातारीनं घरामागे दोन खोल्या बांधून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या, त्या बघायच्या होत्या. साळूबाई सत्तरीच्या, काटक, बोलायला फटकळ. त्यांची सून शुभांगी चुलीपाशी होती. ओसरीवर साळूबाईंचे दीर, बहिरूतात्या, कोयत्याला धार लावत बसले होते. नातू ओम, नऊ वर्षांचा, दारातून आत-बाहेर नुसता पळत होता. का पळतोय, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मी वहीतलं वेळापत्रक वाचून दाखवलं. सात दहाला पक्षी ऐकणे. साडेसातला चिखलात खेळणे, वीस मिनिटं.

"आन चिखलात रंगली पोरं तर?" साळूबाईंनी विचारलं.

"बेल वाजवायची. वेळ झाली की हात धुऊन पुढचा उपक्रम."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला राग आला. खेड्यातल्या बाईला यातलं काय कळणार, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

बहिरूतात्या म्हणाले, "वारा पडला का आज राब भाजायचाय." राब म्हणजे काय ते मी विचारलं. त्यांनी कोयत्यानंच समोर दाखवलं. घरापासून पाण्याकडे वावरं उतरत गेली होती. त्यातल्या एका तुकड्यात झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, वाळकं गवत, पालापाचोळा रचून कमरेएवढा थर केलेला होता. तो जाळायचा, म्हणजे तिथे पुढे भाताचं रोप जोमानं येतं. मला कल्पना फार आवडली. मी वहीत लिहिलं, 'साडेसहा: राब भाजणे. निरीक्षण, पंधरा मिनिटं.'

"आई, आता काय करू?" जुईलीनं विचारलं. चित्र रंगवून झालं होतं. खडू डबीत ओळीनं ठेवले होते.

मी खोलीची लांबी मोजत होते. "थांब जरा."

"थांबले. आता काय करू?"

तेवढ्यात एका पालकाचा फोन आला. रेंज जात-येत होती, मी ओसरीच्या टोकाला जाऊन ओरडून बोलत होते, आणि ही माझ्या ओढणीचा पदर धरून मागे. आता काय करू, आई, आता काय करू. मी फोनवर हात ठेवून तिच्यावर खेकसले.

"काहीही कर!"

तिला ते कळलंच नाही. "काहीही म्हणजे काय?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

"म्हणजे जा. त्या ओमबरोबर खेळ. जा!"

ती गेली. फोन संपल्यावर मी पाहिलं, तर पाण्याजवळच्या उंबराखाली ओम, त्याचा मित्र राजू आणि आणखी तीन-चार पोरं गोळा झाली होती. जुईली त्यांच्यात हात सरळ सोडून उभी होती, वर्गात सूचनेची वाट बघत उभी राहते तशी. ओम तिला हातवारे करून काहीतरी समजावत होता. ती मान डोलावत होती. एक वाजून गेला होता. मी पुन्हा वहीत डोकं घातलं.

अडीच वाजता मान वर केली, तेव्हा ओम चुलीपाशी बसून भाकरी खात होता.

"जुईली कुठाय?"

"ती?" त्यानं घास गिळला. "गेली आसंल की."

"कुठे गेली? तुमच्यात खेळत होती ना?"

"खेळ तर कवाच मोडला. समदी जेवाया गेली."

मी उंबराकडे पळाले. तिथे कुणी नव्हतं. हाका मारल्या. घरामागे, गोठ्यात, नव्या खोल्यांत, गाडीत पाहिलं. साळूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं बाई, घोर नका लावून घिऊ. पोरच हाय. आसंल कुटंतरी खेळत. कंटाळली की यील."

त्या धीर द्यायला म्हणाल्या, हे मला कळत होतं. पण तीन वाजले, सव्वातीन वाजले, आणि ती आली नाही. वस्तीवरच्या बायका आपापली घरं, कणग्या, न्हाण्या बघून आल्या. मग शुभांगीनं खालून हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच मी धावत सुटले.

उंबराच्या पुढे दहा पावलांवर पाणी होतं. उन्हाळ्यानं मागे सरकलेलं, कडेला गाळ. त्या गाळाच्या अलीकडे जुईलीच्या गुलाबी चपला होत्या. शेजारी-शेजारी, टाचा जुळवून ठेवलेल्या.

घाईत काढलेल्या चपला अशा नसतात, हे माझ्या मनात आलं. कोणतंही काम, अगदी खेळही, सुरू करण्याआधी चपला काढून नीट जोडीनं ठेवायच्या, हे मीच शिकवलं होतं. पण तेव्हा मला त्यातून एवढंच कळलं, की माझी मुलगी नीट चपला काढून पाण्यात गेली. कुणीतरी म्हणालं, "हितं गाळ लई हाय, मानूस रुततो." त्याला कुणीतरी गप केलं.

बहिरूतात्यांनी धोतर खोचलं आणि लांब बांबू घेऊन ते पाण्यात उतरले. मागोमाग तीन-चार गडी. मी कडेला उभी राहून त्या बांबूंकडे बघत होते. बांबू आत जायचा, कुठेतरी टेकायचा, वर यायचा. प्रत्येक वेळी तो टेकला की मला वाटायचं, हेच ते. आणि तो नुसता गाळ घेऊन वर आला की मला बरं वाटायचं, आणि लगेच पुढचा बांबू आत जायचा. असं किती वेळ चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. देवाला मी काय काय कबूल केलं तेही सांगणार नाही.

पियूष, माझा नवरा, साडेचारला पोचला. शनिवार असूनही ऑफिसात होता. त्यानं येताना पौडला पोलिसांना सांगितलं होतं, ते निघाले होते. तो धापा टाकत खाली आला, चपला बघितल्या आणि मटकन बसला. मग त्यानं विचारलं, "तू कुठे होतीस?"

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"ओसरीवर. वेळापत्रक करत होते."

तो पुन्हा चपलांकडे बघायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रस्त्यावरून येणारे-जाणारे थांबत होते. ढाब्यावरची पोरं आली. साठ-सत्तर माणसं झाली. सगळे हाका मारत होते. "जुईली! ए जुईली!" पाण्यावरून, वावरांतून, वरच्या झाडीतून तिच्या नावाची हाक येत होती. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते लोक तिचं नाव घेऊन घसा फोडत होते. आणि उत्तर नाही. पाच वर्षांची मुलगी, एवढ्या हाका ऐकून ओ देत नाही, याचा अर्थ एकच होऊ शकतो. तो अर्थ सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. बायका माझ्याकडे बघून नजर वळवत होत्या.

मी ओमला पुन्हा पुन्हा विचारत होते. तो भेदरला होता.

"काय खेळत होतात?"

"लपंडाव."

"राज्य कुणावर होतं?"

"राजूवर."

"मग राजूनं तिला शोधलं नाही?"

"त्यानं समद्यांना हुडकलं. मंग खेळ मोडला."

"आणि जुईली?"

"ती न्हवती ना त्यात."

"नव्हती म्हणजे?"

"न्हवती. ती मोजायची न्हवती."

राजूला विचारलं. तोही तेच म्हणाला, ती त्यात नव्हती. म्हणजे ती खेळलीच नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. पोरांनी तिला घेतलं नाही, ती एकटीच पाण्याकडे गेली. मी स्वतःला सांगितलं, कल्पना, तू तिला काहीही कर म्हणालीस, आणि तिनं काहीही केलं. पाच वर्षं तिच्या मिनिटामिनिटाला तू सांगत होतीस, आणि एकदा सांगितलं नाहीस, तर पोर गेली. बघ. एक तास मोकळा सोडला तर असं होतं. त्या क्षणीसुद्धा मला असंच वाटत होतं, की वेळापत्रक होतं तोवर ती जिवंत होती.

सहा वाजत आले. वारा पडला. पाणी एकदम सपाट झालं. पोलीस आले, पाणबुडे बोलवायचं चाललं होतं. बहिरूतात्या थकून काठावर आले, धोतर पिळलं, आणि वर वावराकडे बघून शुभांगीला म्हणाले, "आता राब कसला लावायचा आज." तेवढंच. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझी मुलगी पाण्यात, आणि यांना राब सुचतोय, असं वाटून उलट त्यांची चीड आली.

साळूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या. त्यांनी मला हात लावला नाही, नुसत्या बसल्या. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ओमला समोर बोलावलं.

"हिकडं ये. रडू नगं. तुला कुनी मारनार न्हाई. ती पोरगी लपली व्हती का न्हवती? एवडंच सांग."

ओम हुंदके देत म्हणाला, "लपली व्हती."

"मंग मगाधरनं न्हवती न्हवती काय म्हनतुयास, मुडद्या?"

"लपली व्हती, पन मोजायची न्हवती. ती कच्चा लिंबू व्हती, आज्जे!"

कच्चा लिंबू.

मी परभणीची. तिथल्या सरकारी कॉलनीत माझा थोरला भाऊ आणि त्याचे मित्र खेळायचे, तेव्हा दोन उन्हाळे मी कच्चा लिंबू होते. लहान पोराचं रडं नको म्हणून त्याला खेळात घ्यायचं आणि धरायचं नाही. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. लपंडावात त्याला शोधायलाही लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याला स्वतःला हे माहीत नसतं. तो बापडा जीव तोडून खेळत असतो. हे सगळं मला माहीत होतं. तीस-पस्तीस वर्षांत तो शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता, कारण माझ्या वर्गात असले खेळच नव्हते.

मी ओमचे खांदे धरले. "तू तिला काय सांगितलं होतंस? खेळ समजावलास ना? काय काय सांगितलंस?"

"लपायचं म्हनलं."

"अजून?"

"सापडस्तवर भाईर यायचं न्हाई. न्हाईतर मागनं येऊन राज्यवाल्याला धप्पा द्यायचा."

"अजून, ओम? अजून काय?"

"नाव घिऊन हाक मारली तर वो द्यायची न्हाई. फसिवत्यात म्हनलं."

मी त्याचे खांदे सोडले. साठ-सत्तर माणसं साडेतीन तास तिला फसवत होती. जेवढ्या मोठ्यानं आम्ही हाका मारत होतो, तेवढी ती घट्ट बसत होती. जर बसलेली असेल तर. जर असेल तर.

"पन कुटलं पोर आसं बसतं?" साळूबाई म्हणाल्या. "आमची पोरं धा मिंटं लपत्यात. कुनी आलं न्हाई की कंटाळत्यात, आन आपसूक भाईर येत्यात. खेळ मोडला हे कुनी सांगाया लागत न्हाई त्यास्नी, कंटाळाच सांगतो. तुमच्या पोरीला कंटाळा येत न्हाई का, बाई?"

भिंतीवर रंगवलेली ती अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे आली.

मी उठले आणि ओरडले, हाका मारू नका. कुणी ऐकेना. पियूष मला धरायला लागला. त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. पोलीस म्हणाले, मॅडम, तुम्ही बसा. तेव्हा साळूबाईंनी पदर खोचला आणि त्या म्हातारीच्या गळ्यातून असा आवाज निघाला की पाण्यातले गडीसुद्धा थबकले. "गप ऱ्हावा समदी! तोंडातनं एक सबुद काढू नगा!"

सगळं शांत झालं. मी ओमला म्हटलं, "आता मोठ्यानं सांग. जुईली कच्चा लिंबू नाही, पक्की आहे. आणि राज्य माझ्यावर आहे. ओरड."

ओमनं नाक पुसलं. छाती भरून घेतली.

"जुईली पक्की हाय! पक्का गडी! राज्य तिच्या आईवर आलंय!"

मी उंबराला कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि मोजायला लागले. दहा, वीस, तीस, चाळीस. माझा आवाज फाटत होता. पन्नास, साठ. मागे सत्तर माणसं उभी होती आणि मी चाळीस वर्षांची बाई झाडाला डोकं लावून लपंडावाचे आकडे म्हणत होते. सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर. मग मी वळले, आणि वावरांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. धप्पा द्यायचा तर पाठ मोकळी हवी.

समोर ते पाणी. त्यात अर्धवट सोडलेले बांबू उभे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझी पाठ ऐकत होती. काही आलं नाही. एक टिटवी ओरडली. मागे कुणीतरी खोकलं. मी मनात म्हटलं, अजून शंभर मोजू. तेही झाले. पियूष रडत होता, ते मला ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा शंभर मोजायला सुरुवात केली तेव्हा मला कळून चुकलं, की मी हे फक्त मागे वळायला लागू नये म्हणून करते आहे. मागे वळले की ती नसणार, आणि मग ती कायमची नसणार. म्हणून मी वळत नव्हते. सत्तरपर्यंत आले होते.

कमरेखाली काहीतरी लागलं. पाच बोटं, चिकट, गरम.

"धप्पा."

आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच होता.

मी वळून तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तिच्या केसांत पानं होती, गालावर माती, पायांवर मुंगळे चावल्याच्या गांधी. ओठ सुकून पांढरे पडले होते. आणि चड्डी ओली होती. सुकली होती आणि परत ओली झाली होती. मी तिथे हात लावला तशी ती लाजली आणि चटकन म्हणाली, "शू आली होती. पण मी जागा नाही सोडली, आई. बेल नव्हती ना झाली."

मी तिला छातीशी धरलं. हे कुणी केलं, असं विचारायला तिथे पोलीस उभे होतेच. मला त्यांना सांगावंसं वाटलं, मी केलं. माझ्या पोरीला पाण्यानं नाही, गाळानं नाही, मी बसवून ठेवलं होतं.

कुणीतरी पाणी आणलं. ती घटाघटा प्यायली. बायका रडत होत्या, हसत होत्या, तिच्यावरून बोटं मोडत होत्या. पियूष तिचे पाय चोळत राहिला. आणि ओम, पोरच ते, ती कुठून आली ते बघायला पळाला होता. तो वरून ओरडला, "आज्जे, राबात व्हती ही! आत घर केलंय हिनं!"

तो डहाळ्या उचलून दाखवत होता. खाली पोकळी होती, एक पाच वर्षांचं मूल अंग चोरून बसेल एवढी. त्यात काड्यांची एक ओळ रोवली होती, कुंपणासारखी. पानावर सात खडे मांडले होते. मुंगळ्यांसाठी मातीचा रस्ता केला होता, मध्ये वळण, वळणावर एक वाळकं फूल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या उपक्रमात नव्हतं. मी उभी राहून ते बघत होते आणि मला वाटत होतं, ही कोण, हिला मी ओळखत नाही.

"हे खडे काय गं?" ओमनं विचारलं.

"ती माणसं आहेत. ती जेवायला गेलीयेत. परत येणारेत," जुईली म्हणाली. "मग मला झोप लागली. मग उठले, तर अजून सगळे शोधतच होते."

बहिरूतात्या त्या तुकड्याच्या बांधावर आले. त्यांनी डहाळ्यांखालची ती पोकळी बघितली. मग कमरेची भिजलेली चंची सोडली, आतून काडेपेटी काढली आणि तळहातावर ठेवून बघत राहिले. पाण्यात उतरल्यामुळे ती ओली झाली होती. साळूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि लांब फेकून दिली. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं. साडेसहा. निरीक्षण, पंधरा मिनिटं. पियूषच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते.

मी जुईलीला घेऊन तिथेच बांधावर बसले. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, आजूबाजूला कोण आहे ते बघितलं, आणि तोंड माझ्या कानाला लावलं.

"आई, एक सांगू? रागवायचं नाही."

"नाही रागवणार."

"मला कंटाळा आला होता." ती इतकं हळू बोलली की मला नुसता तिचा श्वास लागला. "आधी खूप आला. खूप खूप. मला बाहेर यावंसं वाटलं. पण मी कुण्णालाच नाही सांगितलं."

ती थोडी मागे झाली आणि माझा चेहरा बघायला लागली. तिचे डोळे भरले.

"तारा पुसशील?"

"नाही," मी म्हटलं. "नाही पुसणार. परत सांग मला. मोठ्यानं सांग. कंटाळा आला होता म्हण."

"म्हन की गं बाय," साळूबाई म्हणाल्या. "घाबरतीस कशापाई? म्हन, पार पान्यापल्याड जाऊ दी."

जुईलीनं त्यांच्याकडे बघितलं, ओमकडे बघितलं, त्या सगळ्या माणसांकडे बघितलं. तोंड उघडलं. मी वाट बघत होते, तिचा हात धरून, देवाची वाट बघावी तशी. पण शब्द बाहेर येईना. तिनं तोंड मिटलं, मान हलवली, आणि पुन्हा माझ्या कानापाशी येऊन, मघापेक्षाही हळू आवाजात, तेच एक वाक्य सांगितलं.